आधी मत, मग मुक्ती

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यानंतर राज्यघटनेत ज्या तीन दुरुस्त्या झाल्या, त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी आणि सक्तीची चाकरी बंद केली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने त्या भूमीवर जन्मलेल्यांना, काही अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरवून कायद्याच्या समान संरक्षणाची हमी दिली. आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून पुरुषांचा मताधिकार हिरावून घेण्यास मनाई केली. आधी देहाची सुटका, मग नागरिक म्हणून मान्यता आणि शेवटी मत, अशी ही चढण होती. पुढल्या शंभर वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा, मतदान-पट्टी आणि उघड दहशत यांच्या बळावर तिच्यातील शेवटची पायरी जवळजवळ उखडून टाकली, तरी क्रम मात्र तोच राहिला, आणि आजही तिथला नागरिकत्वाचा वाद त्या तीन दुरुस्त्यांच्या भाषेतच चालतो.

ठाणे जिल्ह्यात हा क्रम उलटा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी या समाजांतील प्रौढ स्त्री-पुरुष एका दिवसात पूर्ण नागरिक झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना मत मिळाले. मात्र कर्जापोटी सावकाराच्या घरी राबणाऱ्या माणसाचे कर्ज बुडीत ठरवून त्याला मोकळे करणारा केंद्रीय कायदा यायला १९७५-७६ साल उजाडावे लागले. ज्याचे श्रम गहाण होते त्याच्या हाती मत आधी आले आणि मुक्ती मागून आली. या उलट्या क्रमाचा परिणाम दूरवर झाला आहे. तो नागरिक आहे की नाही, हा प्रश्न भारतात कोणी उघडपणे विचारला नाही. त्याऐवजी नागरिक म्हणून जे जे त्याच्या वाट्याला यायचे, त्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याकडे पुरावा मागितला गेला. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या परिसरातील हक्कांचा वाद समजून घ्यायचा तर न्यायालयांच्या मोठ्या निकालांइतकेच लक्ष तहसील कचेरीतील दाखल्यांकडे द्यावे लागते.

कोकणात माणसांची खरेदी-विक्री नव्हती असे नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांचे, म्हणजे दासी म्हणून बाळगलेल्या स्त्रियांचे, उल्लेख विपुल आहेत, आणि किल्ल्यांवर व सरकारी कोठ्यांत त्यांच्याकडून काम करून घेतले जाई. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीला न्यायालयीन मान्यता नाकारली, आणि १८६० च्या दंडसंहितेने गुलाम म्हणून माणूस विकणे वा बाळगणे हा गुन्हा ठरवला. मात्र इंग्रजी राजवटीनेच १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेची तरतूद केली, आणि हा कायदा १९२५ साली रद्द होईपर्यंत टिकला. याचा अर्थ असा की माणूस मालमत्ता म्हणून बाळगण्याचे दार बंद होत असतानाच त्याला ऋणको म्हणून बांधून ठेवण्याचे दार कायद्यानेच उघडे ठेवले. गुलाम आणि वेठबिगार यांच्यातला भेद इथेच आहे. गुलाम धन्याच्या मालकीचा असतो. वेठबिगार कागदोपत्री स्वतंत्र असतो, परंतु त्याने किंवा त्याच्या वाडवडिलांनी घेतलेली रक्कम फिटेपर्यंत त्याचे श्रम दुसऱ्याचे असतात, आणि फिटले की नाही हे ठरवणारी वही सावकाराच्या पेटीत असते.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या डहाणू, तलासरी आणि उंबरगावात, या बंधनाचे सर्वांत ठळक रूप म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली त्या कर्जापोटी बायकोसह त्याच्या घरी राबू लागे, आणि व्याजाचा हिशेब असा असे की आयुष्य सरले तरी मुद्दल सरत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात ही पद्धत नोंदवली, म्हणजे सरकारदप्तरी ती अज्ञात नव्हती. तिला धक्का मात्र दप्तराने दिला नाही. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळ्याला, म्हणजे आज जो भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येतो तिथे, महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली आणि तिला उंबरगावकडचे काही वारली आले. परतल्यावर त्यांनी गावागावांत सांगितले की वेठ देऊ नका. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली मे १९४५ पासून लग्नगडी घरी परतू लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरी सुटलेले लग्नगडी पुन्हा बांधले गेले नाहीत.

या घटनेचा अर्थ घटनात्मक इतिहासात सहसा लावला जात नाही, आणि तो लावला पाहिजे. राज्यघटनेचे वेठ बंद करणारे कलम २३ संविधान सभेत मंजूर झाले ते ३ डिसेंबर १९४८ रोजी. त्याच्या तीन वर्षे आधी तलासरीच्या लोकांनी ते कलम आपल्यापुरते अमलात आणले होते. राज्यघटनेने दिलेली मुक्ती आणि लोकांनी घेतलेली मुक्ती यांत काळाचाच नव्हे तर स्वभावाचाही फरक आहे. घेतलेल्या मुक्तीत मजुरीचा दर, गवत कापणीचा भाव आणि जमीनदाराच्या अंगणात उभे राहण्याची रीत हे सगळे एकाच वेळी बदलते. दिलेल्या मुक्तीत प्रत्येक गोष्टीसाठी निराळा कायदा, निराळे खाते आणि निराळा अर्ज लागतो.

कलम २३ माणसांचा व्यापार, वेठ आणि तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई करते आणि तिचा भंग हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरवते. या कलमाची खरी ताकद अशी की ते खाजगी व्यक्तीलाही लागू पडते. बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध असतात. शेजाऱ्याने किंवा मालकाने अन्याय केला तर त्या हक्कांचा थेट आधार मिळत नाही. अमेरिकेत १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदावी दुरुस्ती फक्त सरकारी कृतीपुरती मर्यादित केली, तेव्हा हॉटेल, रेल्वे आणि नाट्यगृहे यांतील भेदभाव तिच्या कक्षेबाहेर गेला. तेरावी दुरुस्ती मात्र खाजगी धन्यालाही बांधणारी राहिली. भारतीय राज्यघटनेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ आणि वेठ बंद करणारे कलम २३ ही दोन्ही याच जातीची आहेत, आणि तो योगायोग नव्हे. महारांच्या वतनाशी जखडलेली गावकामगारी ही वेठच आहे, असे डॉ. आंबेडकर १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणताना मांडत होते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले, तेव्हापासून महाराष्ट्रात जात आणि गुलामी हे प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची परंपरा आहे. ज्या समाजात बंधन सरकारने नव्हे तर गावाने घातलेले असते, तिथे केवळ सरकारला बांधणारा हक्क फारसा उपयोगाचा नसतो, हे त्या परंपरेला पुरते ठाऊक होते.

पण कलम २३ ला दात नव्हते. कलम ३५ अन्वये अशा गुन्ह्यांची शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, राज्यांना नाही, आणि संसदेने तो कायदा घटना लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर करावा असे त्या कलमातच म्हटले आहे. अस्पृश्यतेबाबत संसदेने तो १९५५ साली केला. वेठबिगारीबाबत मात्र पंचवीस वर्षे गेली. या काळात मत अगदीच निरुपयोगी ठरले असेही म्हणता येत नाही: १९५७ साली ठाणे मतदारसंघाने शामराव परुळेकरांना लोकसभेवर पाठवले, आणि ज्या पट्ट्यात १९४५ चा उठाव झाला तिथे आदिवासींचे मत हे आदिवासींचेच होते. अडचण जिल्ह्याच्या इतर भागांत होती. वसई, भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या पाड्यांत मजूर मालकाच्याच जमिनीवर झोपडी बांधून राहत, मालकाकडूनच खावटी म्हणजे पावसाळ्यातले धान्य उसने घेत आणि मतदानाच्या दिवशी मालकाच्याच गाडीतून केंद्रावर जात. मत गुप्त असले तरी पोट गुप्त नसते.

शेवटी कायदा आला तो कोणत्या दिवसांत, हे नोंदवण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, वीस कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून वटहुकूम निघाला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचे वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात रूपांतर झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात, बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाकडे धाव घेण्याचा मार्ग आणीबाणीत बंद असल्याचा निर्वाळा दिला. एकीकडे सावकाराच्या वाड्यातल्या माणसाला मुक्त करणारे राज्य दुसरीकडे तुरुंगातल्या माणसाचे ऐकून घ्यायला तयार नव्हते. कायदा मात्र उत्तम होता. त्याने सर्व वेठी कर्जे रद्द केली, गहाण मालमत्ता परत देण्यास सांगितले, जिल्हाधिकाऱ्यावर शोध आणि पुनर्वसनाची जबाबदारी टाकली, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमल्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर ठेवला.

हा कायदा ठाणे जिल्ह्यात हलला तो पुन्हा संघटनेमुळे. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि पुढे श्रमजीवी संघटना यांच्यामार्फत वसई-भिवंडी भागातल्या वेठबिगारांच्या सुटकेची प्रकरणे १९८० च्या दशकापासून शासनासमोर आणली. सुटकेचा अर्ज करणाऱ्या मजुराला काम कोण देणार, त्याची झोपडी कोणाच्या जागेवर राहणार, हे प्रश्न लगेच उभे राहिले, आणि त्यांचे उत्तर १९७६ च्या कायद्यात नव्हते. ते उत्तर जमिनीत होते. अमेरिकेत जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेर्मन याने मुक्त कुटुंबांना किनाऱ्यालगतची चाळीस एकरांपर्यंतची जमीन देण्याचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत करवली. पुढच्या शतकातील काळ्या शेतमजुराचे दैन्य बऱ्याच अंशी त्या एका माघारीतून निघाले. महाराष्ट्रात माघार इतकी ढळढळीत नव्हती. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जमीन कसणाऱ्या कुळाकडे मालकी जाण्याची वाट उघडली, तिचा लाभ काही वारली आणि ठाकूर कुटुंबांना झालाही. कातकरी मात्र कूळ नव्हतेच. खैराच्या झाडापासून कात काढणारा, मग कोळसाभट्टीवर आणि पुढे वीटभट्टीवर गेलेला हा समाज कोणाच्या खातेपुस्तकात कूळ म्हणून लागला नाही, म्हणून जमीन सुधारणेच्या कायद्याला तो दिसलाच नाही. जमीनदाराचा लग्नगडी सुटला. बांधकाम व्यवसायाचा बयाणादार तयार झाला.

बयाणा म्हणजे पावसाळ्यात किंवा दिवाळीआधी भट्टीमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती घेतलेले कुटुंब दिवाळीनंतर मुलाबाळांसह टिटवाळा-खडवलीच्या पट्ट्यात, भिवंडी, शहापूर किंवा रायगड जिल्ह्यातल्या भट्टीवर जाते, पहाटेपासून माती मळते, विटा पाडते, आठवड्याला खर्ची म्हणजे किराण्यापुरते पैसे उचलते, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी हजार विटांच्या दराने हिशेब होतो तेव्हा अनेकदा अंगावर बाकी निघते. ती बाकी पुढल्या हंगामाचे बंधन ठरते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या गेल्या चार दशकांच्या विस्ताराला लागलेल्या विटांचा मोठा वाटा अशा हंगामी श्रमांतून आला आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो केवळ मालकांचाच नसतो. बयाणा मजूर स्वखुशीने घेतो, त्याला त्याची निकड असते, मग या कराराला वेठ का म्हणावे? या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेने १९११ साली दिले. अलाबामा राज्याच्या कायद्यानुसार उचल घेऊन काम सोडणे हाच फसवणुकीच्या हेतूचा पुरावा मानला जाई आणि मजूर तुरुंगात जाई. बेली विरुद्ध अलाबामा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा तेराव्या दुरुस्तीविरुद्ध ठरवला, कारण करार स्वखुशीचा असला तरी तो सोडण्याची मुभा नसेल तर चाकरी सक्तीचीच होते. भारतात न्या. भगवतींनी १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात त्याहून पुढचे पाऊल टाकले. भुकेने लादलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावे लागणे म्हणजे कलम २३ चा भंग आहे, असे त्या निकालाने ठरवले. सव्वा वर्षाने, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, सक्तीचे श्रम दिसले की ते कर्जापोटीच आहेत असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकाने वाहावा, असेही न्यायालयाने सांगितले. या तर्काने पाहिले तर कलम २३ फक्त भट्टीवर थांबत नाही; महापालिकेच्या ठेकेदाराकडे किमान वेतनाहून कमी पैशांत झाडू मारणारा किंवा कल्याणच्या नाक्यावरून कामाला नेलेला मजूरही त्याच्या कक्षेत येतो. आशियाई स्पर्धांच्या खटल्यातला हा निकाल शहरी वाचकाला जितका माहीत असायला हवा तितका नाही, कारण त्याने वेठ ही खेड्यातली जुनी गोष्ट राहत नाही.

निकाल असे आहेत, आणि व्यवहार असा नाही. पुनर्वसनासाठी मुक्ती प्रमाणपत्र लागते, ते महसूल अधिकारी देतो, आणि ते देण्यापूर्वी मजुराकडूनच तो वेठीत असल्याचा जबाब, तारखा आणि रकमा मागितल्या जातात. कायद्याने सावकारावर टाकलेला भार कचेरीत मजुराच्या खांद्यावर येऊन बसतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेने मदतीची रक्कम पुरुषांसाठी १ लाख आणि स्त्रिया व मुलांसाठी २ लाख रुपये, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख, अशी बरीच वाढवली. पण तातडीचा हप्ता आधी २० हजार आणि नंतर ३० हजार रुपये एवढाच, आणि उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली. मालकाला शिक्षा होईल तेव्हा मजूर पुरता मुक्त मानला जाईल, असा याचा अर्थ होतो. शिक्षा लागेपर्यंत कुटुंब पुन्हा कोणाचा तरी बयाणा घेते.

याहून खोल गुंता नागरिकत्वाच्या कागदांचा आहे. चौदाव्या दुरुस्तीने जन्मस्थान हाच नागरिकत्वाचा पुरावा केला, आणि तो मुद्दामहून केला: १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने काळ्या माणसाला त्याच्या वंशावरून नागरिकत्व नाकारले होते, म्हणून वंशाची चौकशीच बंद करायची होती. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी काही स्थलांतरितांच्या मुलांना हे जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारणारा आदेश काढला तेव्हा खटले उभे राहिले ते याच दुरुस्तीच्या आधारावर. भारताने उलट प्रवास केला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात जन्म पुरेसा होता. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत दोघांपैकी एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे, अशी अट आली. सीमेवरच्या प्रश्नातून आलेल्या या तरतुदींचा रोख ठाणे जिल्ह्यातील आदिवासींवर नव्हता, हे खरे. तरी ज्या मुलाचा जन्म भट्टीवरच्या झोपडीत झाला, ज्याची नोंद ना माहेरच्या ग्रामपंचायतीत ना भट्टीच्या गावात, त्याच्यापुढे आई-वडिलांचे कागद मागणारा कोणताही कायदा वेगळा उभा राहतो आणि शाळेचा दाखला असलेल्या डोंबिवलीकरापुढे वेगळा.

राज्याची एक अट याहून बोचक आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला घेताना पूर्वज ६ सप्टेंबर १९५० रोजी, म्हणजे जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली त्या दिवशी, राज्यात राहत होते याचा पुरावा मागितला जातो. या तारखेला मानीव दिनांक म्हणतात. त्या दिवशी अनेक कातकरी कुटुंबे मालकाच्या जमिनीवर राहत होती, कसत होती ती मालकाच्याच नावाने, आणि शाळेत गेलेली नव्हती. सातबारावर त्यांचे नाव नाही, शाळेच्या नोंदवहीत नाही, म्हणून बंधनाने ज्यांना अदृश्य ठेवले त्यांच्याकडेच त्या काळातले दिसणे सिद्ध करायला सांगितले जाते. बोगस आदिवासी रोखायला ही अट हवी, हा प्रतिवाद पोकळ नाही. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत आणि २०१७ साली त्या न्यायालयाने अशा नोकऱ्यांना संरक्षण नाकारले ते योग्यच होते. पण बोगस दावा करणाऱ्याकडे कागद असतात. कागद नसणे ही खऱ्या कातकऱ्याची खूण आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या चालीरीती जुळवून पाहण्याच्या कसोटीला अंतिम मानू नये असे सांगितले आणि स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन दिले. शिकलेल्या ठाकूर कुटुंबाला त्याचा दिलासा मिळाला, कातकरी पाड्याला मात्र त्याने आणखी मागे ढकलले असण्याचा संभव आहे.

यातून सुटण्याची एक वाट विद्यमान कायद्यांतच आहे. वेठबिगार म्हणून मुक्त झालेल्या माणसाची चौकशी उपविभागीय दंडाधिकारी करतो, म्हणजे तो कुठे राहतो, कोणत्या जमातीचा आहे, त्याचे आई-वडील कुठे राबत होते, हे सगळे सरकारी अधिकाऱ्यासमोर शपथेवर नोंदवले जाते. आज त्या नोंदीचा उपयोग पुनर्वसनाच्या फायलीपुरता होतो आणि मग ती फाईल बंद होते. तीच नोंद शिधापत्रिकेसाठी, जमातीच्या दाखल्यासाठी आणि मुलांच्या उशिरा होणाऱ्या जन्मनोंदीसाठी पुरावा मानली, तर १९७६ च्या कायद्यातील पुराव्याचा भार दुसऱ्या खात्यांतही उलटा होईल. त्यासाठी संसदेची गरज नाही, नवी घटनादुरुस्ती नको. महसूल आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचा एक एकत्रित शासन निर्णय, आणि दक्षता समितीच्या बैठका कागदावर नव्हे तर भट्टीच्या हंगामात, दिवाळी ते वैशाख या महिन्यांत घेण्याची सक्ती, एवढे पुरे आहे.